मुंग्यांना कळलेली साखर

बेकरीवाल्याकडे मुंग्यांचा एवढा दरारा, की बिस्किटांच्या टेबलाचे चारही पाय कायम पाण्याच्या वाट्यांत उभे असत. एकदा वाटी सुकली, तर म्हणे मुंग्यांनी अख्खा केक खांद्यावर घेऊन दारापर्यंत मिरवत नेला. वरची मेणबत्तीसुद्धा विझू दिली नाही.

मग एक हलकी, नकली साखर बाजारात आली. तोंडाला गोड, अंगाला लागणार नाही म्हणे. बेकरीवाल्याने चिमूटभर जमिनीवर टाकून पाहिली. मुंग्या आल्या, मिशा लावून पाहिल्या आणि नाक मुरडून चालत्या झाल्या. त्याने लगेच वाट्या काढून माळ्यावर फेकल्या आणि बिस्किटं त्याच साखरेची करू लागला.

खरा आनंद झाला तो अक्काला. ही त्याची थोरली बहीण बेकरीच्या वरच्या खोलीत राहायची. रक्तात साखर वाढल्यापासून गोडाला मुकलेली. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं. भावाची बेकरी आणि बहिणीच्या तोंडाला कुलूप, हे त्याला सलत होतं.

"खा अक्का, पोटभर खा. यात साखरच नाही."

"मेल्या, इतकी वर्षं काय झोपला होतास?" म्हणत अक्काने डबा मांडीवर घेतला, तो खाली ठेवलाच नाही. आधी एखादं बिस्कीट चोरून खायची. आता राजरोस डबे फस्त करू लागली. तिची तहान वाढली. "उकाडा किती!" ती म्हणायची. चप्पल टाचेला लागून कातडं सोललं, ते तिला कळलंही नाही.

एका दुपारी बेकरीच्या उंबऱ्यावरून मुंग्यांची रांग आत शिरली. बेकरीवाला झाडू घेऊन धावला. पण रांगेने टेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती जिना चढली. तोही मागोमाग चढला. रांग अक्काच्या खोलीत गेली, बिस्किटांच्या उघड्या डब्याला वळसा घालून पलंगावर चढली आणि चादरीखाली शिरली.

त्याने चादर उचलली. अक्काची टाच काळी झाली होती, आणि तो काळा रंग हलत होता.

"काय रे, भूत पाहिलंस का?" अक्का बिस्कीट चावत म्हणाली. तिला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. जखम धुताना त्यांनी मान वर केली नाही.

"गोड बंद होतं ना?"

"साखरेचा कणही दिला नाही, बाई."

"मग ही बिस्किटं कशाची?"

"मैद्याची... लोण्याची..." तो डब्याकडे बघत म्हणाला.

"साखर बदललीत, मैदा तोच. त्याचीही रक्तात साखरच होते. आणि साखर नाही म्हणून माणूस दुप्पट खातं."

"पाय वाचेल ना?"

"सकाळी हॉस्पिटलात आणा. तोवर जखमेला मुंगी लागू देऊ नका."

त्याने माळ्यावरून वाट्या काढल्या, पाण्याने भरल्या आणि पलंगाच्या पायांखाली सरकवल्या.

"मला काय विकायला मांडतोस का रे?" अक्का खो खो हसली. "ते राहू दे, डबा दे आधी."

"संपलीत," तो म्हणाला. अक्काशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

मुंग्या वाटीच्या कडेपाशी थांबल्या. पाण्यात मिशा बुडवून पाहिल्या, मागे वळल्या. त्याने श्वास सोडला. मग पुढची मुंगी भिंतीकडे निघाली. भिंतीवरून वर, आणि वरून छताला लागून, शिस्तीत, अक्काच्या टाचेच्या बरोब्बर वर येईपर्यंत.