‘चालेल’चं जपानी

ओसाकाच्या उत्तरेला, खासगी रेल्वेच्या एका फाट्यावर, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं एक कॉलेज आहे. पूर्वी तिथं फक्त मुली शिकायच्या. मुली कमी झाल्या म्हणून मुलगे घेतले. मुलगे आले नाहीत म्हणून परदेशी विद्यार्थी घेतले. आणि परदेशी विद्यार्थ्यांचं नक्की काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे ‘विद्यार्थी समग्र आधार केंद्र’ काढलं.

केंद्राच्या भिंती फिकट पिवळ्या. टेबलांचे कोपरे गोल, बहुधा आधार मिळाल्यावर विद्यार्थ्यानं डोकं आपटून घेतलं तर लागू नये म्हणून. दारावर कांगारूचं चित्र, पोटाच्या पिशवीत एक हसरा विद्यार्थी. केंद्राचं ब्रीद होतं, ‘तुमचं मन हेच आमचं काम.’ मनाव्यतिरिक्त काही असेल, म्हणजे व्हिसा, पोट, खोली, तर ते दुसऱ्या खात्याचं काम होतं. दुसरं खातं नव्हतं.

केंद्रप्रमुख निशिओका-सान आधी कॉलेजच्या पार्किंगचं बघायचे. पार्किंगची जागा विकली गेल्यावर त्यांना विद्यार्थ्यांवर आणलं. माणसांकडेही ते त्याच नजरेनं बघत: आपापल्या चौकटीत सरळ उभी आहेत ना, मग ठीक.

आणि मेधा. नवरा चारुदत्त बँकेतर्फे ओसाकाला आला, त्याच्यामागे ही आली. पहिलं वर्ष तिनं फुलांचे फोटो काढण्यात घालवलं, दुसरं ते ग्रुपवर टाकण्यात. मग तिला काहीतरी ‘मीनिंगफुल’ करावंसं वाटायला लागलं. केंद्रानं तिला आंतरसांस्कृतिक समन्वयक केलं, आठवड्यातून तीन दिवस. म्हणजे भारतीय किंवा नेपाळी मूल आत आलं की त्याच्या शेजारी बसायचं. ती नेपाळी बोलत नव्हती, पण दिसायला बरं दिसायचं. ओसाकाच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र ती सांगायची, “मी स्टुडंट काउन्सेलिंगमध्ये आहे,” आणि बायका “अय्या, किती छान!” म्हणून मोदकाकडे वळायच्या.

तर या केंद्रात ज्ञानदा आली. साताऱ्याजवळच्या कोरेगावची, वृद्धसेवेच्या पहिल्या वर्षाला. तिचा हसरा फोटो कॉलेजनं रेल्वेच्या डब्यात जाहिरातीला लावला होता, त्यामुळे ती रोज सकाळी स्वतःच्या चेहऱ्याखाली उभी राहून कॉलेजला यायची. मार्चअखेर कॉलेजचं वसतिगृह बंद होणार होतं. त्या जमिनीलाही गिऱ्हाईक मिळालं होतं. ज्ञानदानं स्वतःच हिंडून खोली शोधली. तोफूच्या दुकानावरची, उतरत्या छपराची. घरमालक म्हातारा, परदेशी भाडेकरू चालेल म्हणाला, आणि हे जपानात सोपं नाही. अट एकच: जामीन हवा.

केंद्राच्या माहितीपत्रकात दुसऱ्याच पानावर छापलेलं होतं की गरजू विद्यार्थ्याला कॉलेज स्वतः जामीन राहील. ज्ञानदा ते वाचूनच आली होती. मेधा तिच्या शेजारी बसली. निशिओका-सान समोर.

“खोलीसाठी कॉलेज जामीन राहू शकतं,” निशिओका-सान हळुवार जपानीत म्हणाले. “तशी व्यवस्था करू का?”

ज्ञानदाच्या मनात लख्ख मराठी उत्तर उमटलं: चालेल. तिनं त्याचं मनातल्या मनात जपानी केलं आणि हसून म्हणाली, “दाइजोबु देस.”

मेधानंही मान डोलावली. तिच्याही डोक्यात तेच होतं. चालेल, ठीक आहे, दाइजोबु. दोन मराठी बायका टेबलाच्या एका बाजूला प्रसन्न बसल्या होत्या. दुसऱ्या बाजूला निशिओका-सानही प्रसन्न झाले. कारण कुणी काही देऊ करत असताना ‘दाइजोबु देस’ म्हटलं की जपानी कानाला त्याचा अर्थ एकच ऐकू येतो: नको, माझं भागेल. सुपरमार्केटात पिशवी हवी का विचारल्यावर म्हणतात ते.

तिघंही वाकून उठली. इतकी यशस्वी बैठक केंद्रात फार दिवसांत झाली नव्हती.

तीन आठवड्यांनी खोलीच्या एजंटचा ज्ञानदाला फोन आला: जामिनाचे कागद आलेले नाहीत, दुसरं एक गिऱ्हाईक आहे, येत्या सोमवारपर्यंत थांबतो. ज्ञानदा धावत केंद्रात आली.

“काकू, कागद पाठवलेच नाहीत की यांनी!”

“इथं मेधा-सान म्हण गं,” मेधा आजूबाजूला बघत पुटपुटली. “असं कसं होईल? तू हो म्हणालीस ना?”

“तुमच्यासमोर म्हणाले!”

निशिओका-सानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं की ज्ञानदा-साननी नकार दिला होता.

पंधरा मिनिटं ‘दाइजोबु’वर चर्चा झाली. शेवटी निशिओका-सानना समजलं. समजल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, क्षणभर त्यांना वाईटही वाटलं. मग ते सावरले.

“पण नकार दिला गेला,” ते म्हणाले.

“मी नकार दिला नव्हता. चुकीचा शब्द वापरला.”

“हो. त्या शब्दानं नकार दिला गेला. आणि केंद्र विद्यार्थ्याच्या इच्छेचा आदर करतं. आता व्यवस्था केली तर तुमच्या त्या वेळच्या इच्छेचा अनादर होईल.”

“पण ती माझी इच्छा नव्हतीच!”

“तेही आम्ही समजून घेतो,” निशिओका-सान म्हणाले आणि मेधाकडे वळले. “मेधा-सान, ज्ञानदा-सान अस्वस्थ आहेत. यांना हर्बल चहा द्याल का?”

मेधानं चहा दिला. तोच तिच्या अधिकारात होता.

“काकू, तुम्ही सांगा ना त्यांना. तुम्हालाही तेच वाटलं होतं ना?”

“अगं, मी सांगितलं असतं,” मेधा म्हणाली, “पण मग माझं जपानी कच्चं आहे असं होईल. माझ्या नोकरीचं रिन्यूअल आहे एप्रिलमध्ये. तू पॉझिटिव्ह राहा. एक दार बंद झालं ना...”

“की रस्त्यावर झोपायचं. माहितीये.”

मेधाला ते लागलं. मुलं हल्ली फार कडू बोलतात, असं तिनं संध्याकाळी चारुदत्तला सांगितलं. आणि बोलता बोलता विचारलं, “चारू, आपण राहायचं का रे तिला जामीन?”

चारुदत्तनं चमचा खाली ठेवला. बारा वर्षं कर्जखात्यात काढलेला माणूस. “मेधा, मी बँकेत आहे. बँकेतला माणूस जामीन राहत नाही. तो जामीन मागतो.”

“चांगली मुलगी आहे रे.”

“सगळी चांगलीच असतात. उद्या ती भाडं भरणार नाही, आग लावेल, पळून जाईल.”

“ती म्हाताऱ्या माणसांची सेवा शिकतीये. आग कशाला लावेल?”

“आग कोण ठरवून लावतं?” चारुदत्त म्हणाला. “मंडळाला विचार. त्यांचा तो विद्यार्थी कक्ष आहे ना?”

मंडळाचा विद्यार्थी कक्ष होताच. त्याचे प्रमुख दिगंबर, मोठ्या ट्रेडिंग कंपनीत. मेधानं फोन केला. दिगंबरनी मनापासून ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आपण असं करू, तिचं झूमवर एक मार्गदर्शन ठेवू. ‘जपानमध्ये घर कसं शोधावं’. मी स्वतः बोलतो.”

“घर मिळालंय तिला. जामीन हवाय.”

“हां, तो मुद्दा पण घेऊ त्यात.”

मेधानं हे सगळं ज्ञानदाला जसंच्या तसं कळवलं, आणि आपण केवढी धावपळ केली या समाधानात शांत झोपली.

रविवारी कॉलेजचा खुला दिवस होता. नवीन विद्यार्थी यावेत म्हणून वर्षातून अनेकदा हा कार्यक्रम व्हायचा. पालकांना इमारत दाखवायची, जेवण द्यायचं आणि दोन हसरे विद्यार्थी स्टेजवर उभे करायचे. जाहिरातीतला चेहरा म्हणून ज्ञानदाचं भाषण ठरलेलंच होतं, विषय ‘मी आणि माझा आधार’. मेधानं तिला साडी नेसवली. निऱ्या घालता घालता ती म्हणाली, “आज जरा छान बोल हं. गाकुचो स्वतः आहेत.”

गाकुचो म्हणजे कॉलेजच्या प्रमुख. सत्तरीच्या बारीक बाई, गळ्यात मोती. कॉलेज त्यांच्या वडिलांनी काढलं होतं.

“छानच बोलणारे,” ज्ञानदा म्हणाली.

भाषण तिनं खरंच छान केलं. आजी-आजोबांविषयी बोलली, कोरेगावविषयी बोलली, पालक माना डोलावत होते. मग प्रश्नांची वेळ झाली. शिकोकूहून आलेली एक आई उठली. मुलीला पाठवायचं मनात आहे, पण वसतिगृह बंद होतंय म्हणे. खोलीसाठी कॉलेज काही मदत करतं का?

निशिओका-साननी माइक घेतला. याच प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या पानावर होतं. “आमचं कॉलेज स्वतः विद्यार्थ्याला जामीन राहतं,” ते म्हणाले आणि मोठ्या मनानं माइक ज्ञानदासमोर धरला. “हो ना, ज्ञानदा-सान?”

“इइए,” ज्ञानदा म्हणाली.

म्हणजे, नाही. हा शब्द जपानीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात असतो आणि त्यानंतर आयुष्यात सहसा भेटत नाही. सभागृहात तो इतका सरळ कुणी उच्चारला नव्हता. निशिओका-साननी माइक मागे घ्यायला हात पुढे केला. ज्ञानदानं तो सोडला नाही.

“मी ते मागायला गेले होते,” ती अतिशय नम्र, अतिशय शुद्ध जपानीत म्हणाली. “व्यवस्था करू का असं विचारल्यावर मी चुकून दाइजोबु देस म्हणाले. चूक माझी आहे. म्हणून मला जामीन नाही. उद्या माझी खोली दुसऱ्याला जाईल आणि मार्चअखेर वसतिगृह बंद होईल. तुमच्या मुलीला कृपया आधी सांगून ठेवा, मदत करू का विचारलं तर दाइजोबु म्हणायचं नाही. तेवढं सांभाळलं तर कॉलेज फार चांगलं आहे.”

आणि ती वाकली, नियमाप्रमाणे, कमरेतून.

शिकोकूची आई खाली बसली. तिनं माहितीपत्रक मिटून पर्समध्ये ठेवलं. मग विचार बदलून शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. ते गाकुचोंनी पाहिलं. मागच्या रांगेतल्या आणखी दोघांनी तसंच केलं, तेही पाहिलं. त्या उठल्या.

“काहीतरी गैरसमज झाला आहे,” त्या मोती चाचपत म्हणाल्या. “ज्ञानदा-सान आमच्या मुलीसारखी आहे. कॉलेज तिला अर्थातच जामीन आहे. निशिओका-सान उद्या सकाळी शिक्का घेऊन जातील.”

टाळ्या पडल्या. निशिओका-सान इतके खाली वाकले की त्यांचं टक्कल पहिल्या रांगेला वरून दिसलं. शिकोकूची आई टाळ्या वाजवत नव्हती. पण तिनं पत्रक परत उचललं.

कपडे बदलायच्या खोलीत मेधानं ज्ञानदाला गाठलं. “अगं, मला आधी सांगायचंस ना, असं बोलणार आहेस ते!”

“सांगितलं असतं तर तुम्ही निशिओका-सानना सांगितलं असतं.”

“मी? मी कशाला सांगेन?” मेधा म्हणाली. मग तिला खरंच विचार करावा लागला, आणि तो तिनं मध्येच सोडून दिला. “ती पिन दे इकडे. टोचेल.”

सोमवारी सकाळी केंद्रात दोन निर्णय झाले. पहिला, विद्यार्थ्यांची भाषणं यापुढे आधी तपासली जातील आणि हे काम मेधा-सान करतील. ती भाषणं वाचण्याइतकी कांजी लिपी मेधाला येत नव्हती, पण तिनं आभार मानले. दुसरा, ‘दाइजोबु’विषयी एक पोस्टर. कांगारूच्या तोंडी ‘खरंच दाइजोबु?’ असा प्रश्न. कल्पना मेधा-सानची, असं निशिओका-साननी वर कळवलं. कारण मग चूक कुणाची होती हे विचारायची गरज उरली नाही. एप्रिलमध्ये मेधाचं रिन्यूअल झालं. मंडळात तिनं सांगितलं, “आमच्याकडे मोठा पॉलिसी चेंज झाला. मी लीड केला.”

पण ते नंतर. त्या सोमवारी निशिओका-सानना अचानक दुसरी महत्त्वाची बैठक आली, म्हणून कॉलेजचा शिक्का मारलेला कागद घेऊन एजंटकडे मेधाच गेली. ज्ञानदा तिथं आधीच बसली होती, किल्लीच्या बरोबर समोर.

एजंट तरुण होता, सुटात, घाईत. त्यानं कागद उलटसुलट पाहिला, शिक्का उजेडात धरला. मग मेधाकडे बघून भरभर काहीतरी विचारलं. मेधाला फक्त शेवटचं ‘का?’ कळलं. ती हसली.

“विचारताहेत, तुम्ही माझ्या कोण,” ज्ञानदा मराठीत म्हणाली.

मेधाला ही संधी आवडली. “सांग ना, सपोर्ट... म्हणजे काउन्सेलर... नाहीतर काकूच सांग, जवळचं वाटेल.”

ज्ञानदानं एजंटकडे वळून एकच शब्द सांगितला: “त्सुकिसोई.” एजंटनं “हाय, हाय”, म्हणजे हो हो, म्हणत लिहून घेतलं आणि किल्ली टेबलावरून ज्ञानदाकडे सरकवली. तिनं ती मुठीत धरली, तीन वेळा आभार मानले, तिन्ही एजंटचे, आणि तोफूच्या दुकानाच्या दिशेनं चालायला लागली.

परतीच्या गाडीत मेधानं मोबाइलवर शब्द शोधला. अर्थ आला: ‘सोबत आलेली व्यक्ती.’ खाली दिलेलं उदाहरण हॉस्पिटलचं होतं: त्यांना बाहेर थांबायला सांगावे.

मेधाला तो अर्थ आवडला. भारदस्त वाटला. तिनं तो प्रोफाइलमध्ये कांजीत टाकला, आणि पुढच्या स्टेशनपर्यंत त्याला अकरा लाइक आले.