उलटा खटका

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे बायकांच्या गाण्याची तालीम चालते, नाहीतर मतदान. खुर्च्या शंभर, आणि त्या दिवशी माणसं तीनशे तरी असतील. सप्टेंबर म्हणजे घरोघरी मिरच्या भाजायचे दिवस, तरी मिरच्या अंगणात तशाच टाकून लोक आले होते. साऱ्या सभागृहाला भाजक्या मिरचीचा वास येत होता.

सगळ्यांचे डोळे व्यासपीठावरच्या टेबलाकडे लागले होते. टेबलाला शिकंजा, शिकंज्यात वहीएवढा पत्रा आवळलेला, आणि पत्र्याच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून बेकरीवाली दोन्का उभी. तिचं डोकं सहा वर्षं दुखत होतं. तिच्यासमोर लांब काळा कोट घातलेले बंधू मेतोदी, आणि त्यांच्या हातात बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन. मार्चच्या पहिल्या तारखेला आरोग्यासाठी आपण मनगटाला बांधतो तो लाल-पांढरा लोकरीचा दोरा त्या मशीनभोवती इतका गुंडाळलेला, की मशीनला थंडी वाजत असावी. तोंडाला एक सोनेरी सुळका, खाली निमुळता आणि वर पायरी-पायरीने रुंद होत गेलेला.

"मोजा," बंधू मेतोदी म्हणाले. "नऊ पायऱ्या. आणि देवदूतांचे वर्ग किती? तेही नऊ. हा काय योगायोग आहे?"

"नाही," सभागृह म्हणालं.

"आजार शरीरातून पत्र्यात उतरतो. पत्र्याला भोक पडलं की त्याला बाहेर जायला वाट मिळते. मी कोण? मी नुसता दार उघडणारा. शक्ती वरून येते."

वरून म्हणजे कुठून ते त्यांनी सांगितलं नाही. बॅटरी मात्र खालून लावलेली होती.

मशीन फिरलं. सुळका पत्र्यात एक पायरी गेला, दोन गेला, तीन गेला. मेतोदींनी मशीन थांबवलं, डोळे मिटले, ओठ हलवले आणि पुन्हा चालू केलं. आता मात्र सुळका तसूभर पुढे सरकेना. कानठळ्या बसतील असा किंचाळणारा आवाज आला, धूर निघाला, पत्रा निळा पडला. "धरून बसलाय," मेतोदी घाम पुसत म्हणाले. "सहा वर्षांचा भाडेकरू आहे, सहजासहजी जागा सोडत नाही." पुन्हा मशीन बंद, पुन्हा डोळे मिटून प्रार्थना, पवित्र तेलाचे दोन थेंब. मग मशीन फिरलं आणि सुळका लोण्यात सुरी जावी तसा वरपर्यंत गेला. दोन्का रडायला लागली. म्हणाली, डोकं उतरलं.

सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. मी अगदी जवळ होतो ना, व्यासपीठावरच.

आता मी कोण ते सांगायला हवं, म्हणजे तुम्हाला नीट हसता येईल. मी स्तामेन. एकतीस वर्षं पत्र्याचं काम करतोय. गावातली निम्मी पन्हळं, धुराडी आणि मिरच्या भाजायच्या भट्ट्या माझ्या हातच्या आहेत. मेतोदींच्या मशीनला लावलेला तो सोनेरी सुळका म्हणजे पत्र्याला मोठी गोल भोकं पाडायचं साधं स्टेप ड्रिल. आम्ही कारागीर त्याला गाजर म्हणतो. असलीच तीन गाजरं माझ्या खणात पडलेली आहेत, एकाचं तर टोकही तुटलंय. तरी मला वाटलं, माझी बाजारातली, यांचं आशीर्वादाचं. एकतीस वर्षांच्या अनुभवातून मी काढलेला निष्कर्ष हा असा.

पहिल्याच रविवारी मेतोदींनी विचारलं होतं, "इथे पत्र्यातलं कळणारं कुणी आहे का? वर या, मिस्त्री. तपासून बघा, मग लोकांना सांगा." मी वर गेलो. पत्रा नखाने वाजवला, जाडी मोजली, गाजराच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि खाकरून जाहीर केलं, "पत्रा साधा, एक मिलिमीटर. धार उत्तम. फसवणूक नाही." तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. अहो, पन्हळ बसवल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. फार तर गळत नाही म्हणून गप्प बसतात. मेतोदींनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी वर जाऊन फांदी धरून बसलो. दर रविवारी दाढी करून, नवा शर्ट घालून जायला लागलो. कार्यक्रम संपल्यावर टेबलाखालचा लोखंडाचा कीससुद्धा मीच झाडायचो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण माझ्या बायकोच्या, नेदाच्या, गळ्यात गाठ होती. तपासणीचा कागद आला होता आणि तो चांगला नव्हता. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, आत्ता काढली तर बरी व्हाल, रेंगाळलात तर माझ्या हातात राहणार नाही. तारीखही दिली होती. पण आवाजाची नस त्या गाठीला लागूनच जाते. नेदा बायकांच्या गाण्यात पहिल्या रांगेत उभी राहते. ती सूर धरते आणि मग बाकीच्या बारा जणी तिच्या आधाराने गातात. मरणाला ती घाबरली नाही, आवाज जाईल म्हणून घाबरली. तिसऱ्या रविवारी तिने पत्र्यावर हात ठेवला. सुळका अडला, किंचाळला, मग वरपर्यंत गेला. भोक पडलेला तो पत्रा आम्ही पलंगाच्या वर टांगला, आणि गुरुवारी नेदाने दवाखान्यात फोन करून तारीख सोडून दिली.

शुक्रवारी गानेवाबाई माझ्या कारखान्यात आल्या. तंत्रशाळेत आम्हाला कार्यशाळा शिकवायच्या त्या. आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण मिरच्यांच्या भट्टीचा तळ जळाला तर स्वतः खांद्यावर टाकून आणतात. मी तळ बदलता बदलता त्यांना चमत्कार सांगितला, आणि पुरावा म्हणून पलंगावरचा पत्रा काढून आणून दाखवला.

बाईंनी चष्मा चढवला. भोकाच्या कडेला एक निळं, आरशासारखं चकचकीत कडं होतं. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"इथे अडलं होतं?"

"हो बाई. आजार धरून बसला होता."

"अडलं तेव्हा कीस पडत होता का?"

मी आठवून बघितलं. झाडणारा मीच की. "नाही," मी म्हणालो. "नुसता धूर."

"धार लागली तर कीस पडतो. कीस नाही म्हणजे धार लागलीच नाही, नुसती पाठ घासली. घे तुझं मशीन. लाव गाजर. आता तो खटका दुसऱ्या बाजूला सरकव."

मी सरकवला. मशीन उलटं फिरायला लागलं. पत्र्यावर टेकवलं आणि तोच आवाज, तोच धूर, तेच निळं कडं. सगळा जोर लावला तरी केसभरही आत जाईना. मशीन थांबवलं, खटका परत सरकवला, आणि गाजर भसकन आत गेलं. चालू मशीनचा खटका सरकत नाही, ते थांबवावंच लागतं. म्हणून ती प्रार्थना. खटका दिसू नये म्हणून तो लोकरीचा दोरा.

"वीस वर्षं मी एकच गोष्ट शिकवली," बाई म्हणाल्या. "ड्रिल अडलं तर आधी काय बघायचं?"

"ते कुठल्या बाजूला फिरतंय ते."

"मग तू काय बघत होतास?"

मी लोकांकडे बघत होतो, कारण टाळ्या तिकडून येत होत्या. खटका हातभर अंतरावर उलटा होत होता आणि मला काही म्हणजे काही खटकलं नाही.

संध्याकाळी नेदाला सांगितलं. मला वाटलं, ती मेतोदीला शिव्या घालेल. ती भांडी पुसत शांतपणे म्हणाली, "मेतोदी खोटा असेल, हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण तू वर उभा राहून म्हणालास, फसवणूक नाही. मी त्याच्यावर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला."

"चुकलो, नेदा. तारीख परत घे."

"काल म्हणालास सुलट, आज म्हणतोस उलट. मी कुठल्या स्तामेनचं ऐकू? आणि मला एकटीला स्वयंपाकघरात काय सांगतोस? दोन्काने गोळ्या बंद केल्यात. जिथे बोललास तिथे जाऊन सांग. मग बघते."

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. खोटं सांगत नाही, शनिवारी मला वाटून गेलं की पाय मोडला तर बरं. स्वतःच्या गाढवपणाची दवंडी स्वतःच पिटायची म्हणजे काही सोपी गोष्ट नाही.

रविवारी मेतोदींनी नेहमीप्रमाणे हाक मारली, "या मिस्त्री, पत्रा तपासा." मी वर गेलो, पिशवीतून माझं मशीन काढलं आणि म्हणालो, "आज भोक मी पाडतो."

"त्याला हात पवित्र लागतात, मिस्त्री."

"माझे कालच मिरच्यांनी भाजलेत. चालून जातील."

लोक हसले. तेवढ्यात मी सुरुवात केली. सुळका दोन पायऱ्या आत गेला. मागच्या रांगेतून गानेवाबाई ओरडल्या, "स्तामेन, आजार आण." मी मशीन थांबवलं, खटका सरकवला, चालू केलं. किंचाळी, धूर. "आता बरं कर." थांबवलं, सरकवला, आणि सुळका वरपर्यंत आत गेला. मी मशीन उचलून खटका सगळ्यांना दाखवला.

"डावीकडे आजार, उजवीकडे बरं," मी म्हणालो. "एवढंच आहे. पोराटोरांनाही कळेल असं. मी एकतीस वर्षं हे मशीन वापरतोय आणि तीन रविवार इथे उभा राहून मला ते दिसलं नाही, कारण मी मशीनकडे बघतच नव्हतो. तुम्ही टाळ्या वाजवत होतात, मला ते आवडत होतं. फसवणूक नाही असं मी तुम्हाला सांगितलं. मी गाढव आहे. माझं ऐकून कुणी औषध बंद केलं असेल, तर आज घरी जाऊन पहिलं काम, ते सुरू करा."

मेतोदींनी हात वर केले. "ऐका, माणसाच्या तोंडून हा सैतान बोलतोय."

"त्या सैतानाला मी शाळेत दोनदा नापास केलंय," गानेवाबाई म्हणाल्या. "त्याला ओळखते मी. तुम्ही तो दोरा सोडा."

मेतोदींनी मशीन कोटाखाली घेतलं. तेव्हा दोन्का पुढे आली आणि दोऱ्याचं टोक धरून तिने ओढायलाच सुरुवात केली. लोकर सुटत गेली, सुटत गेली, आणि खाली खटका दिसला, अंगठ्याने घासून घासून गुळगुळीत झालेला.

"माझं डोकं त्या दिवशी संध्याकाळीच पुन्हा दुखायला लागलं होतं," दोन्का म्हणाली. "तुम्ही सगळे इतके खूश होतात, मला सांगायची लाज वाटली."

तिच्यामागून आणखी एकजण उठला, म्हणाला, माझा गुडघाही तसाच आहे. मग तिसरी उठली. मेतोदी कधी निघून गेले ते मी बघितलं नाही. आजही गावात पाच-सात घरं अशी आहेत की मी मध्ये कडमडलो म्हणून देवदूत गेले असं मानतात. त्यांच्या पन्हळांचं काम आता माझ्याकडे येत नाही.

सोमवारी नेदाने फोन केला. सोडलेली जागा दुसऱ्या बाईला गेली होती. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. ते तीन आठवडे मी रोज तिच्या गळ्याकडे बघत काढले, आणि ती मला रोज म्हणायची, "बघून काय होणार आता?"

जायच्या दिवशी सकाळच्या बसमध्ये तिने गायला सुरुवात केली. तिला येतात ती सगळी गाणी, एकामागून एक, दीड तास. आवाज राहिला तर राहिला, नाही तर झालं गाऊन, असं म्हणाली. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

दवाखान्यात नेदाने डॉक्टरीणबाईंना तोंडावर विचारलं, "तुमच्या हातून किती जणींचे आवाज गेले?" मी चपापलो. मेतोदीला मी तीन रविवारांत एक प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. वही न उघडता म्हणाल्या, "गेल्या वर्षी अशी एकशे दहा ऑपरेशनं केली. दोघींचा गेला. एकीचा पुढे परत आला. कसं झालं ते समजावून सांगू का?" आणि त्यांनी कागदावर नस काढून दाखवली. नेदाने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आत गेली.

गाठ निघाली. उशीर झाल्यामुळे शेजारच्या दोन छोट्या गाठीही काढाव्या लागल्या, आणि तो उशीर माझा आहे. नेदाचा आवाज आता थोडा जाड झालाय, वरचा सूर लागत नाही, म्हणून ती दुसऱ्या रांगेत उभी राहते. पहिल्या रांगेत आता तिची जागा दुसरी बाई घेते. तालमीला मी मागे बसतो. नवीन बाई चांगली गाते, पण मला अजून तिची सवय झालेली नाही.

तेव्हा वाचकहो, कुणी कोट घालून चमत्कार दाखवायला आला तर त्याच्यावर शंका घ्याच, ते तर तुम्हाला ठाऊक आहे. पण शेजारी माझ्यासारखा कुणी जाणकार उभा राहून "तपासलंय, फसवणूक नाही" म्हणाला, तर त्यालाही सोडू नका. त्याला विचारा, काय काय तपासलंस, आणि त्या वेळी तू बघत कुठे होतास. मला तेव्हा कुणी एकानेही विचारलं असतं, तर नेदा आज पहिल्या रांगेत असती.