आठवा तुकडा

एकतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होते, त्यातली शेवटची चौदा वर्षं इन्चार्ज. माझं मुख्य काम म्हणजे मोजणं. पोट उघडण्याआधी कात्र्या किती, चिमटे किती, रक्त टिपायच्या कापडी घड्या किती, ते मोजून फळ्यावर लिहायचं आणि शिवण्याआधी पुन्हा मोजायचं. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असो, मी टाका घालू देत नसे. "सिस्टर, माझी पुढची केस खोळंबलीय," असं कुणी म्हणालं की मी म्हणायचे, "खोळंबू दे." एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून काही आत राहून गेलं नाही. हे मी लोकांना सांगत असे. कुणी न विचारताच सांगत असे.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी लेकीकडे जायचं ठरलं. ती शेजारच्या देशात असते. ह्यांच्या कानाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानाला सक्त मनाई केलेली, म्हणून गाडीने जायचं. तीन दिवसांचा रस्ता. चालवणार मी. हे शेजारी बसून नकाशा वाचतात, म्हणजे पहिला अर्धा तास वाचतात आणि मग घोरतात.

मी यादी केली. एक्केचाळीस गोष्टींची. नोंदणीचे कागद, परदेशात चालणारा विमा, परवाना, मागच्या काचेवर आपल्या देशाचं अक्षर, प्रथमोपचाराची पेटी, अंधारात चमकणारी दोन जाकिटं, जास्तीचे बल्ब, गाडी बंद पडली तर मागे ठेवायचा लाल त्रिकोण. तिकडे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालवतात, त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून हेडलाइटवर लावायच्या पट्ट्या. यादी फ्रिजवर चिकटवली होती. एकेक गोष्ट झाली की मी लाल पेनने खूण करायची आणि हे म्हणायचे, "पेशंट कधी टेबलावर घेताय?"

गाडी आम्ही वर्षानुवर्षं वळणावरच्या गॅरेजला देतो. दोघे भाऊ चालवतात. धाकट्याला सगळे मिस्त्री म्हणतात, थोरल्याला दादा. गिऱ्हाइकांशी बोलतो मिस्त्री, पण इंजिनातला खरा हात दादांचा. साठी उलटलेली, अबोल, कानाने कमी ऐकू येणारे. शनिवारी गाडी दिली. ऑइल बदललं, ब्रेक, पट्टे, पाणी, सगळं पाहिलं. संध्याकाळी गाडी घरी आली ती अशी की थेट लेकीच्या दारातच जाऊन थांबेल.

सोमवारी मी विम्याचे कागद आणायला निघाले. हे बरोबर होते. पुलावर चढलो आणि गाडीत जळका वास आला. मग बॉनेटच्या फटीतून धूर. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. एक्झॉस्टच्या गरम पाइपावर एक फडकं पडलं होतं, अर्धं जळून काळं झालेलं. ह्यांनी छत्रीच्या टोकाने ते बाहेर ओढलं. मी त्यावर पाणी ओतलं.

फडकं! पोटात राहिलेलं फडकं!

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ते ओलं फडकं पिशवीत घालून मी गाडी सरळ गॅरेजवर नेली. तिथे चार-पाच जणं उभी होती. एक टॅक्सीवाला, एक स्कूटरवाली बाई, आणखी दोघं. मी पिशवी टेबलावर उलटी केली.

"हे काय आहे, मिस्त्री?"

मिस्त्री बघतच राहिला. "कुठे सापडलं, सिस्टर?"

"तुमच्या पेशंटच्या पोटात. पुढच्या आठवड्यात मी परक्या देशात हायवेवर असणार. तिथे पेट घेतला असता तर? दोन म्हातारी माणसं गाडीत! कुणी केलं होतं काम?"

मिस्त्रीची नजर दादांकडे गेली, आणि सगळ्यांचीच गेली. दादांना कळेना. त्यांनी हात कानामागे धरला. "काय म्हणताहेत?"

मग मिस्त्रीला ते सगळं आपल्या थोरल्या भावाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं. "दादा, गाडीत फडकं राहिलं होतं! धूर आला! सिस्टर म्हणतात, पेटली असती!"

दादांनी फडक्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "राहिलं असेल," ते म्हणाले. "माझ्याच हातून राहिलं असेल."

"असेल नाही. राहिलं," मी म्हणाले. "आमच्या थिएटरमध्ये असं झालं असतं ना, तर दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं असतं."

हे मात्र त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू गेलं.

घरी येताना मला हलकं हलकं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. शेजारणीला सांगितलं, लेकीला फोनवर सांगितलं, प्रत्येक वेळी धूर थोडा वाढवून. फडकं मी वाळवून ठेवलं होतं. कशाला, तर पुरावा.

बुधवारी हे डिकी आवरत होते. मी स्वयंपाकघरात होते. हे आत आले, हातात तो पुरावा.

"अगं, हे माझ्या शर्टाचं आहे."

"काहीतरीच. गॅरेजमध्येही जुने शर्ट फाडतात."

"हे काज बघ."

मी पाहिलं. निळ्या बारीक रेघांचं कापड, कडेला काज, आणि ते पांढऱ्या दोऱ्याने पुन्हा शिवलेलं. निळा दोरा संपला होता म्हणून. टाके माझे होते. एकतीस वर्षं टाके बघितलेल्या बाईला स्वतःचे टाके ओळखू येतात.

रविवारी दुपारी मी तो शर्ट कापला होता. रोज मुक्कामाला पोचलं की ऑइल तपासायचं, असं यादीत होतं. ऑइल मोजायची पट्टी पुसायला फडकी हवीत, म्हणून कात्रीने सरळ कापून आठ तुकडे केले. आणि सराव म्हणून त्याच दिवशी एकदा ऑइल तपासलं. मी डिकीकडे गेले. तुकडे रबर लावून नीट ठेवलेले होते. मोजले. सात. रबर काढून एकेक जमिनीवर मांडला. सातच.

आता आठवलं. पट्टी पुसत होते आणि फोन वाजला होता. लेकीचा. फडकं हातातून ठेवून दिलं, कुठे ते बघितलं नाही. तिच्याशी बोलता बोलता, म्हणजे तिला झापता झापता, मी दुसऱ्या हाताने बॉनेट आपटलं.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला? दादांचा नाही आला. कुणाला कळणार आहे, हा आला.

हे दारात उभे होते. मीच म्हणाले, "परत आल्यावर सांगेन. आता निघायच्या गडबडीत कशाला?"

गुरुवारी हेडलाइटच्या पट्ट्या लावायला गॅरेजवर जावंच लागलं. रस्ताभर मी वाक्य जुळवत होते. मिस्त्रीने पट्ट्या स्वतः लावल्या, भिंतीवर उजेड पाडून दोनदा तपासल्या. मग आतून लाल त्रिकोण घेऊन आला, नवाकोरा.

"हा आमच्याकडून राहू दे, सिस्टर. तुम्हाला त्रास झाला."

"दादा दिसत नाहीत?" मी विचारलं.

"घरीच असतो. म्हणाला, आता इंजिनला हात लावत नाही. कुणाचा जीव जायचा. मी म्हटलं चाकं तरी बघ, तर तेही नको म्हणतो."

आणि मी म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं. तो त्रिकोण घेतला, डिकीत ठेवला, घरी आले आणि यादीवर खूण केली. पेन हातात तसंच राहिलं. आयुष्यात मी चुका केल्या असतील, पण त्या "बरं"इतका हलका शब्द माझ्या तोंडून कधी गेला नव्हता.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"सोमवारी तू ओरडत होतीस तेव्हा मी गाडीतच बसून राहिलो," हे म्हणाले. "उतरून तुला थांबवायला हवं होतं. नाही उतरलो. तेवढी लाज माझी. बाकीची तुझी तू बघ."

"फोन करते."

"ओरडायला प्रत्यक्ष गेली होतीस."

शुक्रवारी सकाळी गेले. गॅरेजवर तीन गिऱ्हाइकं होती, त्यात सोमवारचा तो टॅक्सीवाला. एक क्षण वाटलं, गर्दी ओसरू द्यावी. पण ओरडताना मी गर्दी ओसरायची वाट पाहिली नव्हती. मिस्त्रीपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "ते फडकं माझं होतं. आमच्या घरातलं. मीच विसरले होते आत. दादांचा काही संबंध नव्हता."

टॅक्सीवाला चहा पिता पिता थांबला. मिस्त्री हात पुसत राहिला, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"कधी कळलं तुम्हाला?"

"बुधवारी."

"काल गुरुवार होता," तो म्हणाला.

मला वर बघवेना.

"मला कशाला सांगता, सिस्टर? मला ऐकू येतं, मी कुणाचंही ऐकून घेईन. त्याला सांगा."

घर गॅरेजच्या मागेच होतं. दादा खिडकीपाशी बसून डब्यातले स्क्रू मापाप्रमाणे वेगळे करत होते. मला बघून उठले, खुर्ची पुसून दिली. मी हळू बोलले, त्यांना ऐकू आलं नाही. पुन्हा बोलले. शेवटी मला ओरडावं लागलं. "फडकं माझं होतं, दादा! तुमचं नव्हतं! मी विसरले होते!" शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघू लागली. बघू दे म्हटलं.

दादा हसले. समजूतदारपणे हसले, जसं आपण लहान मुलाच्या थापेला हसतो.

"तुम्ही चांगल्या मनाच्या आहात, सिस्टर. पण मला आठवतंय ना. पट्टा बघून झाला, फडकं बॅटरीच्या कडेला ठेवलं. तेवढ्यात धाकट्याने हाक मारली. मी वळलो. परत आलो तो सरळ बॉनेट लावलं. डोळे मिटले की दिसतं मला."

असं काही घडलंच नव्हतं. सोमवारी मी इतक्या खात्रीने ओरडले होते की त्या माणसाने स्वतःच्या डोक्यात न घडलेली गोष्ट तयार केली होती, हाक आणि बॅटरीसकट. आता ती त्याला माझ्या शब्दापेक्षा खरी वाटत होती.

मी पर्स उघडली. सात तुकडे स्क्रूंच्या शेजारी मांडले आणि जळका तुकडा त्यांना लावून ठेवला. रेघा रेघांना जुळल्या. शर्टाची काजांची कड सलग झाली. मी त्यांचं बोट धरून त्या काजावर ठेवलं.

"हा टाका माझा आहे. हा शर्ट ह्यांचा आहे. तुमच्या गॅरेजमध्ये हे कापड कधी आलंच नाही."

त्यांनी तुकडे उलटे करून पाहिले. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मग मला दिसतं ते काय आहे?"

"माफ करा," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, पण ती माफ करण्याची मान नव्हती. ते अजून त्या कापडाकडेच बघत होते.

आम्ही रविवारी निघालो. गाडी एकदाही कुरकुरली नाही. सीमेवरच्या अधिकाऱ्याने त्रिकोण, जाकिटं, पेटी सगळं काढून बघितलं आणि म्हणाला, तयारी छान आहे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, ते बरं केलं. लेकीकडे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग माझं तोंड पाहून थांबली.

तीन आठवड्यांनी परत आलो. गाडी धूळ खाऊन आली होती, तपासायला दिली. दादा कामावर होते. मला फार बरं वाटलं, अगदी पाणी आलं डोळ्यांत. मी बाकावर बसून बघत राहिले. त्यांनी एका पांढऱ्या गाडीचं काम संपवलं, हात बाजूला घेतले आणि हाक मारली, "बघ रे एकदा."

मिस्त्री हातातलं काम टाकून आला. आत वाकून बघितलं. "ठीक आहे, दादा." तेव्हा कुठे बॉनेट लागलं. पुढच्या गाडीला पुन्हा तेच. "बघ रे एकदा."

"किती काळजीने करतात," माझ्या शेजारी बसलेली एक बाई कौतुकाने म्हणाली.

टॅक्सीवाला तिथेच होता. "आधी नव्हतं असं," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत कुणाला दाखवलं नाही त्यांनी." माझ्याकडे बघून नाही म्हणाला. तरी मला सगळं पोचलं.

माझी गाडी झाली. मिस्त्री बघून गेला. दादांनी बॉनेट तसंच धरून ठेवलं आणि मला बोलावलं.

"तुम्हीही बघून घ्या, सिस्टर."

त्यात टोमणा नव्हता. असता तर सोसला असता. मी म्हणाले, "मी काय बघायचं, दादा. तुम्ही केलंय ना." पण ते तसेच उभे राहिले, हात वर, वाट बघत. मग मी पुढे झाले आणि वाकून बघितलं.