पंजा उमटलेली वीट

"चिऊ, तोंडावर रुमाल धर," मी पुन्हा म्हटलं. सासरे छिन्नीने विटेवरचा जुना चुना खरवडत होते आणि धूळ सरळ माझ्या लेकीच्या नाकात जात होती.

"सूनबाई, धुळीने कोणी मरत नाही," बाबा मान वर न करता म्हणाले. "मरत असतं तर मी लग्नाआधीच गेलो असतो."

बाबा काचेच्या कारखान्यात गवंडी होते. भट्टीचं आतलं सगळं बांधकाम त्यांच्या हातचं. कारखाना बंद पडला, यंत्रं विकली गेली, आवारात झुडपं माजली. मग कंपनीचे साहेब आले. म्हणाले, याच जागेवर घरं उठतील, पहिला हक्क जुन्या कामगारांचा. भिंती पाडतोय, विटा तेवढ्या साफ करून रचून ठेवा, तुमच्याच घरांना लागतील. झालं, अख्खी म्हातारी मंडळी कामाला लागली. तेही फुकट.

मला त्या जमिनीची धास्ती होती. इतकी वर्षं काय काय मुरलं असेल तिच्यात, कोण जाणे. मी साहेबांना तोंडावर विचारलंही होतं. "आधी माती साफ करू ताई, मगच पाया," ते म्हणाले होते.

"ही बघ," बाबांनी चिऊपुढे एक वीट धरली. कच्ची असताना तिच्यावरून मांजर चालून गेलं असावं. पंजा जसाच्या तसा भाजून निघाला होता. "ही आपल्या दाराशी बसवायची. तुझा हात पोचेल अशी."

शेजारच्या ढिगावरून कारखान्यात लेथ चालवणारे टर्नरकाका हसले. "आधी दार मिळू दे गड्या, मग मांजर पाळ."

"साहेबांनी शब्द दिलाय."

"साहेबाला काय, तोंडाला थोडंच भाडं पडतं."

पावसाळा सरल्यावर ट्रक आले. बाबांनी स्वतः उभं राहून विटा चढवून दिल्या. "पाया खणायला जागा मोकळी करतायत," घरी येऊन खुशीत म्हणाले. जागा मोकळी झाली आणि तशीच राहिली. फाटकाला नवं कुलूप लागलं.

एका रविवारी नवरा म्हणाला, "चला, जरा बाहेर फिरून येऊ." शहर मागे पडलं. शेतांतून नवाकोरा रस्ता निघाला होता. मी सवयीने खिडकीतून शोधत होते. दवाखाना दिसेना, औषधांचं दुकान दिसेना. लेकीला तापबीप आला तर इथून न्यायचं कुठे, असं मनात येतंय तोवर गाडी थांबली. समोर जुन्या लाल विटांची भलीमोठी कमान.

बाबा उतरले आणि बघतच राहिले. "हे काय रे?"

"कंपनीचीच घरं, बाबा." नवरा किल्ली बोटावर फिरवत होता. "तिकडची माती साफ करायची म्हणजे वर्षं जाणार. खर्च वेगळाच. इथे मोकळं शेत, लगेच पाया. तिकडचं रद्द झालं. मी आपलं एक घर नोंदवलंय."

"कधी?"

"उन्हाळ्यात."

सगळा उन्हाळा बाबा विटा खरवडत होते. रोज संध्याकाळी हाच त्यांच्या पाठीला तेल चोळत होता.

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस. शिवाय तूच म्हणायचीस ना, ती माती लेकीला बाधेल?"

"साफ करा म्हणत होते मी. सोडून जा नव्हे."

त्याने किल्ली खिशात टाकली.

"आजोबा, मांजर!" कमानीपाशी धावत गेलेली चिऊ ओरडली.

तीच वीट. पंजा कोणाच्या तरी मनात भरला असावा. शोभेसाठी रुंद बाजू बाहेर करून बसवली होती, पण उलटी. चिऊचा हात नेमका पोचत होता. बाबा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. नव्या गवंड्याने पंजाच्या खाचांत सिमेंट तसंच सोडलं होतं. ते त्यांनी नखाने खरवडायला घेतलं.

"आजोबा, हात नका लावू," पहारेकरी जवळ आला. "इथलेच का तुम्ही?"

"नाही," बाबा म्हणाले. नख चालूच होतं.

चिऊने माझ्या पिशवीतून रुमाल ओढला आणि कोणी न सांगताच तोंडावर धरला.