दाखल्यावरचं वय

लंका गेली तेव्हा आमचं एकुलतं एक पोर दाखल्यावर सतरा वर्षं आठ महिन्यांचं होतं. खरं वय सोळा वर्षं तीन महिने. हे फक्त मला आणि लंकाला माहीत होतं. ती गेल्यावर मला एकट्याला.

पोराचं नाव दाखल्यावर तेजस्विनी. आमच्या निमगाव सावा गावात सगळे तेजा म्हणतात. ते स्वतःला तेजस म्हणतं.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये मी त्याला शाळेत घालायला नेलं. पाचसुद्धा पूर्ण नव्हतं झालं. पण आम्ही दोघं दिवसभर शेतात आणि आमच्या विहिरीला कठडा नव्हता. दोनदा ते विहिरीच्या काठावर बसलेलं सापडलं होतं. जन्माची नोंद आम्ही कुठं केलीच नव्हती. गुरुजी म्हणाले, डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान पकडून दाखव. तेव्हा वय असंच बघायचे. हात पोहोचला की सहा वर्षं झाली. पोराचा हात बोटभर कमी पडत होता. गुरुजी हजेरीत बघत होते तेवढ्यात मी त्याची मान हळूच हाताकडं वाकवली. हात पोहोचला. गुरुजींनी एक जून अठ्ठ्याऐंशी लिहिलं. वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली होती.

तेजाला फ्रॉक कधी चालला नाही. आम्ही फार मनावर घेतलं नाही. शेतात ते गड्यासारखं राबायचं. एकदा मंचरच्या बाजारात ते कांद्याच्या गोण्या उतरवत होतं. एक आडत्या म्हणाला, "पावणं, ह्यो गडी कुणाचा?" आमच्या भावकीतला हौशीराम म्हणाला, "गडी न्हाई राव, सयाजीची पोरगी हाय. मिशा तेवढ्या यायच्या राहिल्यात." सगळे हसले. तेजाही हसलं. मला तर अभिमान वाटला.

लंकाच्या छातीत गाठ होती. तिनं दिवाळीत सांगितलं. मी म्हणालो, कांद्याची लागण होऊ दे, मग जाऊ. लागण झाल्यावर म्हणालो, खुरपणी होऊ दे. पुण्याला गेलो तेव्हा मार्च लागला होता. डॉक्टर मला काही बोलले नाहीत, पण कागदाकडं बघून गाठ पहिल्यांदा कधी लागली ती तारीख त्यांनी परत एकदा विचारली. ती तारीख विचारणं अजून माझ्या डोक्यातून जात नाही. वर्ष काढलं तिनं, नाही असं नाही.

त्या वर्षात तेजाच तिच्याबरोबर पुण्याला जायचं. त्याच दवाखान्यात मनाचे डॉक्टर होते. लंकानं पोराला त्यांच्याकडं नेलं, मला न सांगता. घरी येऊन मग सांगितलं. तेजाला बाई म्हणून जगायचं नाही, शरीर बदलायची इंजेक्शनं असतात, त्याला ती पाहिजेत. मी उठून गोठ्यात गेलो. परत आलो तरी ती तिथंच बसलेली.

"अहो, ऐकून तरी घ्या त्याचं," ती म्हणाली. "आपल्याला न्हाई कळलं म्हणून खोटं असतंय का?"

मनाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि इंजेक्शनवाल्या डॉक्टरांची जुलैची तारीख मिळाली. अठरा पूर्ण झाल्यावर या, असं त्यांनी सांगितलं होतं. लंका तेवढं थांबली नाही.

मे महिन्यात माझी थोरली बहीण कुशाबाई कळंबहून आली. स्थळ घेऊन आली होती. मुलगा मंचरला ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला.

"अक्का, लंकाला जाऊन तीन महिने झाल्यात," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणते. वर्षाच्या आत लगीन लावलं तर लावलं, न्हाईतर तीन वर्षं थांबावं लागतंय. एक जूनला अठरा पुरी व्हत्यात तिला. केस वाढवायला सांग फकस्त."

तेजा ओट्यावर विहिरीच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह खोलून बसलं होतं. त्याचा पाना थांबला. मला दुसरं काही सुचलं नाही.

"अठरा न्हाई व्हत," मी म्हणालो. "शाळेत म्या वाढवून लिवलं व्हतं. एकोणनव्वदच्या भाऊबीजेचा जन्म हाय. सतरा पण न्हाई अजून."

अक्का माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तेजाला म्हणाली, "बघ बाई, बापानं दीड वर्षानं तरणी केली तुला. बायका ह्यासाठी मलमं लावत्यात."

ती दुसऱ्या दिवशी स्थळ गुंडाळून गेली. लहान पोरीचं लग्न लावलं आणि कुणी तक्रार केली तर, एवढ्यानं ती भ्यायली. मी सुटलो असं वाटलं. पण तेजा पाना पुसत माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

"हे खरं हाय?"

"व्हय."

"आईला माहीत व्हतं?"

"व्हय."

"मग तिनं डॉक्टरला का न्हाई सांगितलं?"

याचं उत्तर मी अजून शोधतो. विसरली असेल. का मुद्दाम गप्प बसली असेल. विचारायला माणूस नाही.

जुलैपर्यंत मला एका जागी बसवेना. जेवायला बसलो की उठायचो. शेतात जाऊन काम न करता परत यायचो. एकदा वाटायचं, थांबायला लावून मी एक जीव घालवलाय, आता परत थांब कुणाला म्हणू? मग वाटायचं, सोळा वर्षांचं पोर. सोळाव्या वर्षी मला पैलवान व्हायचं होतं. पण मी पैलवान व्हायचं म्हणत होतो ते दोन वर्षं, आणि हे पोर चालायला लागल्यापासून एकच म्हणतंय. हे दोन्ही विचार एकमेकांना जागा देत नव्हते.

जायच्या दिवशी एसटीत तेजा म्हणालं, "दादा, तुमी तिथं काय बोलू नका. दाखल्यावर हाय ते हाय."

"म्या कशाला बोलतोय?" मी म्हणालो. आणि तेव्हा मी खरंच ठरवलं होतं की बोलायचं नाही.

दवाखान्यात नंबर यायला दोन तास लागले. मी तीनदा खाली जाऊन पाणी पिऊन आलो. आत डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. त्यांनी दाखला बघितला, चिठ्ठी वाचली. तेजाला सगळं नीट सांगितलं. आवाज फुटेल. दाढी येईल. औषध बंद केलं तरी आवाज परत पहिल्यासारखा होणार नाही. पुढं मूल होण्यावरही परिणाम होऊ शकतो. तेजा प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणत होतं. इतकं आनंदात मी त्याला लंका गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"काही डॉक्टर एकवीस म्हणतात," डॉक्टर मला म्हणाले. "मी अठरा धरतो. त्याच्या आधी मी हात लावत नाही. दाखला आहेच, पण खेड्यातल्या तारखा मला माहीत आहेत. म्हणून तुम्हाला विचारतो. अठरा पूर्ण आहे ना?"

तेजा माझ्याकडं बघत नव्हतं. टेबलावरच्या पेनाकडं बघत होतं.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "येत्या भाऊबीजेला सतरा."

"दादा," तेजा म्हणालं.

डॉक्टरांनी दाखला परत माझ्यापुढं सरकवला. मग बराच वेळ ते तेजाशीच बोलले. इंजेक्शन आता नाही, पुढच्या वर्षी भाऊबीज झाली की पुन्हा बोलू, म्हणाले. तोवर दर महिन्याला यायचं. सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, असं विचारलं. तेजा खाली बघून म्हणालं, "त्या चार दिवसांचा." डॉक्टर म्हणाले, पाळी थांबवता येते, गोळी असते, बंद केली की पाळी पुन्हा सुरू होते, बाईडॉक्टर तपासतील आणि ठरवतील. तेजानं मान हलवली. मला मात्र लाज वाटली. एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

शिवाजीनगरच्या स्टँडवर ते बोललं.

"लग्नाच्या वक्ताला ह्याच वयानं मला सोडवलंत. आज ह्याच वयानं अडकवलंत."

"वय एकच हाय बाळा. म्या दोन कुठनं आणू?"

"एक लिवलं व्हतं की तुमी. तवा बरं आणलं."

मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"आईला पण तुमी थांब म्हनला व्हता," ते म्हणालं.

आजूबाजूला माणसं होती. नारायणगावची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडलं. मी म्हणालो, "व्हय, म्हनलो व्हतो."

महिनाभर ते माझ्याशी कामापुरतं बोललं. मोटर चालू केली. खत आणलं. जेवलं की ताट धुऊन माडीवर. मी रोज जिना चढून वर जायचो, खिडकी लावायची आहे, काडेपेटी पाहिजे, असं काहीतरी काढून. ते झोपलेलं दिसलं की खाली यायचो. दिवसा शेतात दिसेनासं झालं तर हाका मारायचो. एकदा ते वैतागून उसातून म्हणालं, "दादा, इथंच हाय. मरत न्हाई मी." मी म्हणालो, "न्हाई, च्या ठेवलाय." चहा ठेवला नव्हता. घरी जाऊन ठेवला.

पुढच्या तारखेच्या सकाळी मी धोतर नेसून अंगणात आलो तर ते आधीच तयार होऊन उभं.

"तुमी राहा घरी. मी एकटा जातो."

"म्या येनार."

"तिथं परत काय बोलनार?"

"विचारलं तर बोलंन. खोटं बोललो तर उद्या तू मला कशाला काय इचारशील?"

त्यानं तोंड फिरवलं. "मग दुसऱ्या शिटावर बसा."

मी दोन रांगा मागं बसलो. नारायणगावला एक बाई कोंबडी घेऊन त्याच्या शेजारी बसली. "सरक की रं पोरा," ती म्हणाली. ते सरकलं. कळंब आलं, मंचर आलं, बाई उतरली. शेजारची जागा रिकामी झाली आणि कुणी बसायला येईना. दोन भाऊबिजा जायच्या होत्या अजून. एकीला सतरा, दुसरीला अठरा. तोवर ते माझ्यावर रागावलेलंच राहील कदाचित. राहू दे. दर महिन्याला मी गाडीत असेन.

मंचरला चढलेली माणसं पुढं सरकत होती. मी उठलो, परत बसलो, परत उठलो.

तेजा मागं न बघता म्हणालं, "बसा एका जागी. न्हाईतर या हितं."