पन्नास पावलं

नाताळ उलटला की पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात चकमकीच्या, ठासणीच्या बंदुकांनी हरणांची शिकार सुरू होते. त्या सकाळी आर्लेटा हॉफर तिच्या भावाच्या, मर्लच्या, लाकडी खोपटात शिरली ती खांद्यावर एक नवीनच जाडजूड बंदूक घेऊन.

मर्लचा पॅनकेक हातातच राहिला. "बाबांची बंदूक कुठाय?"

"घरी, भिंतीवर."

"आणि हे मुसळ कशाला? हत्ती मारायचाय?"

"बाबांच्या बंदुकीची नळी पंचेचाळीस कॅलिबरची, हिची चोपन्नची, जास्त रुंद. हिची गोळी पावणेदोनपट वजनाची आहे."

"बाबांनी त्याच गोळीनं जन्मभर हरणं पाडली!"

"बाबा वीस पावलांवर जाऊन मारायचे. माझे गुडघे बोंबलतात, मला नाही तेवढं सरपटता येत."

खोपटाच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले होते. नेम चुकला की त्या माणसाच्या शर्टाची मागची बाजू कापायची, वर नाव घालायचं आणि पोटभर हसायचं, ही तिथली जुनी रीत. आर्लेटाचा निळ्या चौकटींचा तुकडा गेल्या वर्षीचा. तिने तो खिळ्यावरून ओढून काढला.

"अगं, काय करतेस?"

"हा खोटा आहे. माझा नेम चुकला नव्हता, मर्ल. बाबांच्या बंदुकीनं ऐंशी पावलांवरून गोळी मारली, हरणीला लागली. गोळी आत गेली, पण पार झाली नाही. बर्फावर रक्ताचे चार थेंब, पुढे माग नाही. अंधार होईस्तोवर शोधली. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हटलं, चुकला. तेवढं म्हटलं की लोक हसून सोडून देतात ना!"

वर्षभर तिला स्वतःची लाज वाटत होती. लाज वाटून हरणी परत येत नाही, म्हणून तिने नवी बंदूक घेऊन उन्हाळाभर सराव केला, धक्क्यांनी खांदा काळानिळा करून घेतला. चोपन्नच्या गोळीने कागदी थाळीवर पन्नास पावलांवरून दहापैकी दहा, ऐंशीवरून सहा. तेव्हाच ठरलं, पन्नासच्या पलीकडे चापाला बोट लावायचं नाही.

दुपारी ओढ्यापलीकडे नर आला. शिंगं अशी की मर्लचा श्वास अडकला. तो अगदी आडवा उभा राहिला.

"मार!" मर्ल कुजबुजला.

नर ज्या खुंटाजवळ उभा होता, तिथवरचं अंतर आर्लेटाने सकाळीच पावलांनी मोजलं होतं. सत्तर पावलं. हात शिवशिवत होते, पण बोट होतं तिथेच राहिलं. नर सावकाश चढ चढून दिसेनासा झाला.

"मुसळ आणलंस ते काय मिरवायला?" मर्ल वाटभर करवादत राहिला.

"पन्नास म्हणजे पन्नास."

खोपटात पोचल्यावर त्याने कात्री उचलली. आर्लेटा पाठमोरी झाली. "काप. पण नावाखाली लिही, गोळी मारलीच नाही."

कात्री चाललीच नाही. तिने वळून पाहिलं. मर्ल भिंतीपाशी उभा होता. स्वतःच्या तीन तुकड्यांतला सगळ्यात जुना, लाल तुकडा त्याने उपसला आणि शेगडीत टाकला.

"हाही चुकला नव्हता," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उद्या मला पन्नास पावलं मोजून दे."