नियम समजला

मंगळवारी मांजर तिसऱ्या मजल्यावरून पडलं आणि गुरुवारी ब्लॉग महिनाअखेर बंद होणार असल्याची नोटीस आली. मांजर थोरलीचं, ब्लॉग दोघींचा, आणि दोन्ही धाकटीच्या ताब्यात. दुसरं कोणी असतं तर डोक्याला हात लावून बसलं असतं. धाकटी बसली नाही, कारण बसायला तिला वेळच नव्हता.

धाकटी म्हणजे काही कुक्कुलं बाळ नव्हे. वय चव्वेचाळीस. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या मापाने काचा घासायचं काम ती वीस वर्षं करत होती. काच अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी ती बाजूला ठेवून नवी काच घेणारी बाई. दुकानाचे मालक म्हणायचे, हिच्या हातात काच दिली की निर्धास्त राहावं, फक्त कधी मिळेल ते विचारू नये. घरात दोघीच बहिणी, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. नावं होती, पण ती सही करण्यापुरती.

आता हा ब्लॉग काय, ते सांगायला हवं. 'बर्फचौकी' नावाची एक मालिका पंधरा वर्षांपूर्वी लागायची. बर्फात अडकलेलं हवामान केंद्र, सहा माणसं आणि एक बिनतारी यंत्र. एकोणचाळीस भाग झाले आणि मालिका आटोपली. लोकांनी पाहिली, सोडून दिली. या दोघींनी सोडली नाही. त्यांनी ब्लॉग काढला, त्यावर दोनशे बारा लेख लिहिले, आणि त्यांच्यासारखेच आणखी शंभर-दीडशे वेडे जमवले. शेवटच्या भागात यंत्रावर जो आवाज येतो तो जिवंत माणसाचा की आधी भरून ठेवलेला, यावर हे लोक वर्षानुवर्षं एकमेकांच्या उरावर बसत होते. थोरली म्हणायची माणूस जिवंत आहे. धाकटी म्हणायची आवाज भरून ठेवलेला आहे.

ब्लॉगचा नियम एकच होता, आणि तो धाकटीने केला होता. शेवट फोडायचा नाही. शेवटाबद्दल लिहायचंच असेल तर ती ओळ पांढऱ्या अक्षरांत लिहायची. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं, म्हणजे नव्या वाचकाला नुसती कोरी जागा दिसणार. ज्याला वाचायचं त्याने त्या जागेवरून माउस ओढायचा, की निळ्या पट्ट्यात अक्षरं उमटत. जुने लोक कोरी जागा दिसली की सवयीने माउस ओढून बघत.

तीन वर्षांपूर्वी हा नियम खुद्द थोरलीने मोडला. सहा महिने खपून तिने त्या आवाजावर भला मोठा लेख लिहिला आणि सगळा शेवट काळ्या अक्षरांत उघडा टाकला. धाकटीने तो पाहिला, तिचं टाळकं सरकलं आणि तिने लेख उडवला. लपवला नाही, दुरुस्त केला नाही, उडवला. थोरली नेहमी थेट ब्लॉगच्या चौकटीतच लिहायची, दुसरीकडे प्रत ठेवायची नाही. सहा महिन्यांची मेहनत एका क्लिकमध्ये गेली.

थोरली आरडाओरडा करणारी नव्हती. तिने घरी येऊन एकच वाक्य ऐकवलं. "माझं काही तुझ्या हातात द्यायची सोय राहिली नाही." आठवड्याने ती पुलाच्या कामावर मोजणीला दूरच्या गावी निघून गेली. तिथल्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये जनावरं चालत नव्हती, म्हणून तिचं मांजर धाकटीकडे आलं. दुसरा इलाज नव्हता म्हणून आलं, हे धाकटीने मनाशी पक्कं धरलं होतं. त्यात निघायच्या आदल्या दिवशी थोरलीने ब्लॉगवर नियमांच्या पानाखाली दोन शब्द लिहून ठेवले होते, 'नियम समजला.' टोमणे मारण्यात थोरलीचा हात धरणारं घराण्यात कोणी नव्हतं. धाकटीने ते दोन शब्द वाचले, तिच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि ते पान तिने पुन्हा म्हणून उघडलं नाही.

त्यानंतर दोघींचा व्यवहार उरला तो इतकाच, की दर रविवारी धाकटीने मांजराचा फोटो पाठवायचा आणि थोरलीने त्यावर अंगठा टाकायचा. तीन वर्षं. दीडशे अंगठे. धाकटीला थोरलीची आठवण येत नव्हती असं नाही. रोज यायची. पण आठवण येते म्हणून आपण होऊन फोन करायचा, ही पद्धत दोघींनाही माहीत नव्हती.

मांजराचं नाव डंपर. वजन सात किलो, तेव्हा नावात अतिशयोक्ती नव्हती. गॅलरीची जाळी धाकटीने धुवायला काढली होती, हे त्याच्या पडण्यामागचं साधं कारण. मागचा पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरीणबाईंनी हाडाला धातूची पट्टी बसवली, स्क्रू मारले आणि धाकटीला समोर बसवून बजावलं, सहा आठवडे पिंजऱ्याबाहेर नाही. उडी मारली आणि पट्टी सरकली तर पाय काढावा लागेल.

धाकटीने घरी येताना रिक्षात सगळं ठरवून टाकलं. मांजर चार पायांवर चाललं पाहिजे. जुनी वेबसाइट बंद पडायच्या आत ब्लॉग शेवटच्या प्रतिक्रियेसकट नव्या जागी गेला पाहिजे. दोन्ही धड झालं की मगच थोरलीला कळवायचं, आणि मग ती कशी म्हणते बघू, की माझं काही तुझ्या हातात द्यायची सोय नाही.

नवरा लोखंडकाम करणारा. त्याने दोन संध्याकाळी खपून दिवाणखान्यात टेबलाएवढा पिंजरा उभा केला आणि त्याला खालच्या अंगाला हात जाईल एवढं दार ठेवलं. हे दार पुढे फार कामाला आलं. कारण डंपर एकटा पडला की असा भेसूर ओरडायचा, की खालच्या मजल्यावरचे लोक चौकशीला यायचे. धाकटीने एक हात आत टाकून त्याच्या मानेवर ठेवला की गप्प. हात काढला की पुन्हा सूर. तेव्हा धाकटी पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसली, संगणक समोर स्टुलावर घेतला, डावा हात मांजराला देऊन टाकला आणि उजव्या हाताने ब्लॉग हलवायला घेतला.

नव्या जागेवाल्यांनी सामान हलवायचं एक बटण दिलं होतं. ते दाबलं की लेख आपोआप यायचे. प्रतिक्रिया मात्र येत नव्हत्या. आणि ब्लॉगचा जीव तर प्रतिक्रियांत होता. चार हजारांच्या वर. नवऱ्याने डोकं चालवलं, म्हणाला, लेख आले ना, मग झालं, त्या भांडणांचं काय लोणचं घालायचंय. धाकटीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उठून चहा करायला गेला.

तिने एकेक प्रतिक्रिया हाताने उचलायला सुरुवात केली. माउस ओढायचा, मजकूर उचलायचा, नव्या जागी ठेवायचा, लिहिणाऱ्याचं टोपणनाव आणि तारीख घालायची. नव्या जागी आलं की पांढरी अक्षरं काळी व्हायची, ती पुन्हा पांढरी करायची. सकाळी कामावर जायच्या आधी दीड तास, संध्याकाळी आल्यावर तीन तास. मध्ये औषधं. बिनसुईच्या सिरिंजने दिवसातून तीनदा, गालाच्या बाजूने. पहिल्या दिवशी औषध धाकटीच्या चष्म्यावर आलं, तिसऱ्या दिवशी बाहीवर, पाचव्या दिवसापासून मांजराच्या पोटात. दुपारच्या औषधासाठी ती दुकानातून धावत घरी यायची आणि उभ्या उभ्या पोळीचा घास तोंडात कोंबून परत जायची. मालकांनी एकदा हटकलं. तिने सांगितलं, सहा आठवडे असंच चालणार. तिच्या सुरावरून त्यांनी ओळखलं, की ही परवानगी मागत नाही.

पहिला रविवार आला आणि फोटोचा प्रश्न उभा राहिला. पिंजऱ्यातलं, पाय भादरलेलं, गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं घातलेलं मांजर कसं पाठवणार? धाकटीने गेल्या वर्षीचा एक फोटो शोधला, उशीवर पसरलेल्या डंपरचा, आणि पाठवून दिला. थोरलीचा अंगठा आला. नेहमी लगेच यायचा, त्या दिवशी संध्याकाळी आला. धाकटीला दिवसभर घास गोड लागला नाही. खोटं बोलणं तिच्या हाताला नवीन होतं.

काम करता करता आणखी एक विचित्र गोष्ट झाली. चार हजार प्रतिक्रिया उचलायच्या म्हणजे वाचणं आलंच. आणि थोरलीच्या बाजूचे लोक जे मुद्दे मांडत होते, त्यांकडे धाकटीने आजवर फक्त खोडायच्या नजरेने पाहिलं होतं. आता निवांत वाचताना तिला दिसलं, की त्या आवाजाला मध्येच ठसका लागतो, आणि तो नेमका केंद्रातल्या मुलीने प्रश्न विचारल्यावर लागतो. भरून ठेवलेला आवाज प्रश्न ऐकून कसा ठसकेल?  मग तिने तो मुद्दाही इमानदारीने उचलून नव्या जागी ठेवला.

तिसऱ्या रविवारी दुपारपर्यंत एकशे सत्तेचाळीस लेखांच्या प्रतिक्रिया हलवून झाल्या होत्या. महिना संपायला नऊ दिवस. डंपर पाय टेकवायला लागला होता, आणि डॉक्टरीणबाई पट्टीवर खूश होत्या. धाकटीने आतापर्यंत एक पान मुद्दाम मागे ठेवलं होतं, नियमांचं. पण शेवटच्या प्रतिक्रियेसकट म्हणजे शेवटच्या प्रतिक्रियेसकट. स्वतःशीच काय मखलाशी करायची? तिने ते पान उघडलं आणि वरून एकेक उचलत खाली आली. तळाशी थोरलीचे दोन शब्द होते. नियम समजला. तीन वर्षांनीही ते तिला तसेच झोंबले. तिने माउस ओढला.

निळा पट्टा दोन शब्दांवर थांबला नाही. खाली पसरत गेला.

'काळ्यात लिहिलं ही माझी चूक. तू उडवलंस ही तुझी. लेख गेला तर गेला. मांजर नाइलाजाने देत नाहीये, तू आहेस म्हणून देतेय. घरात बोलले ते रागात बोलले. वाचलंस की फोन कर. मी आधी करणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण तू वाचशील, तुझ्या नजरेतून कोरी जागा सुटत नाही.'

धाकटीने ते दोनदा वाचलं. मग तिला रडू आलं, आणि ती रडली, चांगली हमसून रडली. डावा हात मांजराच्या मानेवर होता, तो तिने काढला नाही. तीन वर्षं थोरली समजत होती, की हिने वाचलं आणि तरी फोन केला नाही. दर रविवारी नुसता फोटो येत होता आणि ती त्यावर अंगठा टाकत होती.

डोळे पुसून तिने फोन लावला. आधी काय सांगायचं ते तिने ठरवलं होतं. सगळ्यात वाईट ते आधी.

"डंपर पडला. माझ्यामुळे. मी जाळी काढली होती. आणि दोन आठवडे तुला जुने फोटो पाठवले."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. दवाखान्यातल्या कार्डावर अजून तिचाच नंबर होता. ऑपरेशन झाल्या दिवशी तिला पुलावर उभं असताना मेसेज आला होता, की आपल्या मांजराची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. तेव्हापासून ती एक दिवसाआड डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारत होती. "तू कधी सांगतेस, ते बघत होते."

मग धाकटीने सांगितलं, की तुझं ते पांढरं मी आत्ता वाचलं. आत्ता म्हणजे आज. अर्ध्या तासापूर्वी.

 फोन कटला की काय म्हणून धाकटीने कानापासून काढून पाहिला.

"मी तेव्हा महिनाभर फोन उशाशी घेऊन झोपायचे," थोरली म्हणाली. "मग सोडून दिलं. तुझं बरोबर होतं. तो आवाज भरून ठेवलेलाच होता. पलीकडे कोणी नव्हतं."

"होतं," धाकटी म्हणाली. "मी चुकले होते. माणूस जिवंत आहे. त्या मुलीने विचारल्यावर तो ठसकतो."

"ते यंत्र खरखरतं, ठसकतंय कुठलं."

"खरखर आणि ठसका मला कळत नाही?"

आणि तीन वर्षं न बोललेल्या बहिणी तिथून जे भांडायला लागल्या, ते तास उलटला तरी थांबेनात. बाजू तेवढ्या बदलल्या होत्या. नवरा दोनदा डोकावून गेला. दुसऱ्यांदा त्याने चार्जर आणून धाकटीच्या फोनला लावला आणि निघून गेला. धाकटीला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

शेवटी थोरलीलाच कामाची आठवण झाली. किती राहिलं, म्हणून तिने विचारलं. धाकटीने सांगितलं, पासष्ट लेखांच्या प्रतिक्रिया आणि नऊ दिवस. थोरलीने मोजणीवालीच्या सवयीने हिशेब केला. ती उलटीकडून सुरू करणार, दोनशे बारापासून वर. धाकटीने आहे तिथून खाली यायचं. पांढरं पांढरंच ठेवायचं. अडलं तर विचारायचं.

"उद्या फोन कर, कुठवर आलीस ते सांग," थोरली म्हणाली.

"नाही," धाकटी म्हणाली. "उद्या तू कर."

पलीकडे पुन्हा शांतता झाली. या खेपेला धाकटीने फोन कानापासून काढला नाही. ती थांबली.

"करते," थोरली म्हणाली.

सोमवारी सकाळी सातला धाकटी सिरिंजमध्ये औषध भरत होती, आणि फोन वाजला.